ऑक्सिजन सेन्सरवरचा आळ

श्रोतेहो, नमस्कार. पंधरा-वीस वर्षे जुनी, इंजेक्शनवर चालणारी पेट्रोल मोटार इंदुरात अजूनही पुष्कळांच्या दारी उभी असते आणि तिचे मिक्स्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण, बिघडले की पहिला आळ बहुधा ऑक्सिजन सेन्सरवर येतो.

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण टिकवण्यासाठी सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीतला हा सेन्सर ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, सतत खबर देतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ च्या आसपास रेंगाळले तर मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, आणि ०.९ च्या आसपास राहिले तर दाट, म्हणजे पेट्रोल जास्त, समजावे. पण खबर वाईट आली म्हणून खबर देणारा खोटा ठरत नाही.

मी स्वतः ही चूक केली आहे. पलासियाहून राजवाड्याकडे जाताना माझी गाडी प्रत्येक सिग्नलवर घुटमळे, अ‍ॅव्हरेज घसरले होते आणि प्लग काजळीने काळे पडत होते. एका गॅरेजमध्ये सेन्सर बदलून घेतला, पैसे गेले, काजळी तशीच राहिली. पुढे एका जुन्या मिस्त्रींनी पेट्रोलचा दाब राखणाऱ्या फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची करंगळीहून बारीक व्हॅक्यूम नळी काढून माझ्या नाकाशी धरली. ती कोरडी असायला हवी होती, पण तिच्या तोंडाशी पेट्रोलचा थेंब लोंबत होता. आतला पडदा फाटल्यामुळे इंजिन त्या वाटेने पेट्रोल ओढून घेत होते आणि मिश्रण दाट होत होते.

मिश्रण पातळ असेल तर शोधाची दिशा बदलते. हवेचा प्रवाह मोजणाऱ्या गाडीत स्कॅनरवरची फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोलमध्ये करत असलेली वाढ-घट) आयडलला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना, बरीच वाढलेली आणि २५०० आरपीएमला जवळजवळ नेहमीसारखी दिसली, तर तडकलेला रबरी पाइप किंवा इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डचे गॅस्केट तपासावे. उलट ती चढावर किंवा वेगात वाढत असेल, तर पंप आणि फिल्टर पाहावेत.

एक चकवा मात्र भल्याभल्यांना फसवतो. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल, म्हणजे त्यातले पेट्रोल पेटतच नसेल, तर त्यातली न वापरलेली हवा तशीच बाहेर येते. मागे उभ्या माणसाला पेट्रोलचा वास येत असतो आणि स्कॅनर मिश्रण पातळ असल्याचे सांगतो. अशा वेळी इंजेक्टरला हात लावण्याआधी प्लग आणि कॉइल तपासून घ्यावेत.