मोटारवाल्यांचा कायदा आणि ग्रहण

श्रोतेहो, नमस्कार. संविधान बदलतं कसं, हा प्रश्न निघाला की आपण दिल्लीकडे बघतो. मी मात्र नागपूर राजधानी होतं त्या काळातल्या खासगी मोटारवाल्यांकडे वळणार आहे.

मध्य प्रांत व वऱ्हाडच्या 1947 च्या कायद्यानं मोटार वाहतुकीचा धंदा स्वतःकडे घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. खासगी परवानेवाल्यांच्या पोटावरच पाय! मग 26 जानेवारी 1950 ला संविधान लागू झालं. कलम 19 मध्ये नागरिकाला धंद्याचं स्वातंत्र्य मिळालं, आणि कलम 13 नुसार मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढा जुना कायदा शून्यवत ठरला. मोटारवाले सुटले म्हणायचे. पण 18 जून 1951 ला पहिली घटनादुरुस्ती झाली, तीही सार्वत्रिक निवडणुकीआधीच्या हंगामी संसदेकडून, आणि एखादा धंदा पूर्णपणे ताब्यात घ्यायला सरकार मोकळं झालं.

इथं खरा पेच आहे. शून्य झालेला कायदा दुरुस्तीनं उठून कसा बसेल? विधिमंडळानं तो नव्यानं करायला नको? मोटारवाल्यांचं म्हणणं हेच होतं, आणि मला ते आजही कच्चं वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1955 मध्ये भिकाजी नारायण खटल्यात वेगळं सांगितलं. कायदा मेला नव्हता, त्याला ग्रहण लागलं होतं. दुरुस्तीनं सावली सरली आणि तो पुन्हा लागू झाला. ग्रहणाचा हा सिद्धांत संविधानात शोधून सापडणार नाही. तो न्यायमूर्तींनी घडवला.

दुरुस्तीची रीत कलम 368 मध्ये आहे: प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचं बहुमत, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, काही विषयांना निम्म्या राज्यांची संमतीही लागते. पण एवढी मतं जमली की काहीही बदलता येतं का? नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले मोहम्मद हिदायतुल्ला 1967 च्या गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाचमधल्या सहांत होते: मूलभूत हक्कांचा संकोच संसदेला करता येणार नाही. 1973 मध्ये केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा मतांनी ते फिरलं. हक्कांत दुरुस्ती करा, पण संविधानाची मूलभूत चौकट मोडू नका. त्या चौकटीत काय काय येतं, याची पक्की यादी न्यायालयानं दिली नाही. ती खटल्यागणिक वाढत आली आहे.