जठर धुऊन, फुगवून, थांबून पाहताना

ही चित्रफीत जठराच्या कर्करोगाची पूर्वचिन्हे शोधणाऱ्या दुर्बीण तपासणीची आहे. पडद्यावर उलगडत असलेला हा गुलाबी, घड्याघड्यांचा प्रदेश जठराच्या मधल्या भागाचा आहे. दुर्बीण येथे पोहोचली असली, तरी पाहणीला अद्याप सुरुवात झालेली नाही. सध्या केवळ धुणे चालू आहे. तपासणीपूर्वी रुग्णाला पाजलेल्या सिमेथिकोनच्या द्रावणामुळे फेस विरला आहे आणि उरलेला चिकट स्राव पाण्याच्या फवाऱ्याने सैल करून शोषून घेतला जात आहे. त्यानंतर हवा किंवा कार्बन डायऑक्साइड सोडून जठर फुगवले जाते आणि घड्या सपाट होतात. काही मिलिमीटरांचा डाग नेमका अशा घडीआड राहून जातो, म्हणून पाहायला कंटाळवाणा असलेला हा भाग आम्ही संपादनात कापलेला नाही.

आता अस्तर फिके पडलेले दिसते आणि त्याखालून रक्तवाहिन्यांचे जाळे स्पष्ट उमटते. निरोगी जठरात अस्तराची जाडी हे जाळे झाकून ठेवते. ग्रंथी झिजल्या की ते उघडे पडते. फिका आणि गुलाबी प्रदेश जिथे भेटतात, ती सीमारेषा जठरात किती वरपर्यंत सरकली आहे, यावरून झिजेची व्याप्ती ठरवण्याची पद्धत किमुरा आणि ताकेमोतो या जपानी डॉक्टरांनी १९६९ मध्ये मांडली. ती आजही वापरात आहे.

या झिजेमागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. दीर्घकाळचा दाह, मग ग्रंथींची झीज, मग जठरात आतड्यासारख्या पेशी उगवणे, मग डिसप्लेजिया (पेशींची कर्करोगपूर्व विकृत वाढ) आणि अखेरीस कर्करोग, हा क्रम पॅथॉलॉजिस्ट (पेशींचे नमुने तपासणारे तज्ज्ञ) पेलायो कोरेया यांनी १९७५ पासून टप्प्याटप्प्याने उलगडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या जिवाणूला कर्करोगकारक ठरवले. बहुतेक रुग्ण या क्रमाच्या अखेरपर्यंत कधीच पोहोचत नाहीत. म्हणूनच कोणावर लक्ष ठेवायचे, हे निवडावे लागते.

बटण दाबताच प्रकाश बदलला आहे. निळ्या-हिरव्या अरुंद पट्ट्यातील या प्रकाशात आतड्यासारख्या पेशींच्या जागी फिकट निळसर कडा उमटतात, ज्या पांढऱ्या प्रकाशात सहज निसटल्या असत्या. दुर्बीण आता मागे वळली आहे. वरून उतरणारी काळी नळी ही तिचीच आहे. अन्ननलिकेलगतचा जठराचा घुमटाकार भाग असाच पाहावा लागतो. संपूर्ण तपासणीला निदान ७ मिनिटे द्यावीत, अशी शिफारस आहे. ही मिनिटे प्रतीक्षा यादीच्या दडपणाखाली कापली जाऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चिमटा आता अस्तराचा कण घेत आहे. जठराच्या खालच्या भागातून दोन, कोपऱ्यातून एक आणि मधल्या भागातून दोन नमुने घेण्याची प्रस्थापित पद्धत आहे, शिवाय जिथे संशय असेल तिथून वेगळे. खालच्या आणि मधल्या भागांचे नमुने वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवावे लागतात, कारण एकाच बाटलीत मिसळलेल्या नमुन्यांवरून बदल, म्हणजे ग्रंथींची झीज किंवा आतड्यासारख्या पेशी, किती पसरला आहे, हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही आणि पुढच्या तपासणीची तारीख तर याच उत्तरावर ठरते.

बदल दोन्ही भागांत पसरलेला असल्यास साधारण ३ वर्षांनी, आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला जठराचा कर्करोग झालेला असल्यास त्याहून लवकर पुन्हा तपासणी केली जाते. केवळ खालच्या भागात थोडा बदल असून अन्य जोखीम नसल्यास तिची गरज नसते. डिसप्लेजिया आढळल्यास अवधी वर्षांवरून महिन्यांवर येतो, आणि डाग दिसत असेल तर बहुधा तो दुर्बिणीतूनच कापून काढता येतो. जिवाणूवर उपचार करायचेच असतात. त्याने धोका घटतो, परंतु पसरलेला बदल पुष्कळदा तसाच राहतो, त्यामुळे जिवाणू नाहीसा झाल्याचा अहवाल हाती आल्यावरही अशा रुग्णाची पुढील तारीख रद्द होत नाही.