कॉमा श्वासासाठी नसतो

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्रजी लिहायला शिकताना एक नियम हमखास कानावर पडतो: वाचताना जिथे श्वास घ्यावासा वाटेल, तिथे कॉमा द्या. अर्ज, कार्यालयीन पत्रं, अहवाल, करार असलं काही तुम्हाला इंग्रजीत लिहावं लागत असेल, तर हा नियम आजपासून सोडून द्या, असं सांगायला मी आले आहे.

नियम अगदीच निराधार नाही, हे आधी मान्य करते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या प्रसिद्ध ग्रंथालयाचा प्रमुख होता ॲरिस्टोफेनिस. त्याने ग्रीक मजकुरात ठिपके द्यायची पद्धत काढली: एक ओळीच्या वरच्या अंगाला, एक मध्यावर, एक खाली. तेव्हा शब्द एकमेकांना चिकटवूनच लिहीत आणि मजकूर मोठ्याने वाचत. कुठे किती थांबायचं, हे त्या ठिपक्यांवरून वाचणाऱ्याला कळे. पुढे छपाई आली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशियस या मुद्रकाने आपल्या पुस्तकांत आजच्या रूपातला अर्धविराम, म्हणजे सेमीकोलन, वापरला. लोक मनातल्या मनात वाचू लागले आणि चिन्हांचं कामही हळूहळू बदललं. आजच्या औपचारिक इंग्रजीत विरामचिन्ह मुख्यतः वाक्याची बांधणी दाखवतं. कोणता शब्द कोणाशी जोडलेला आहे, हे ते सांगतं.

आता एक वाक्य ऐका. 'ऑल द कॅन्डिडेट्स हू हॅव अप्लाइड फॉर द पोस्ट, कॉमा, आर रिक्वेस्टेड टु सबमिट देअर सर्टिफिकेट्स.' हा 'पोस्ट'नंतरचा कॉमा असंख्य पत्रांत दिसतो. तो चूक आहे. 'ऑल द कॅन्डिडेट्स'पासून 'पोस्ट'पर्यंतचा सगळा भाग हा कर्ता आहे आणि 'आर रिक्वेस्टेड' हे त्याचं क्रियापद. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा कॉमा येऊ शकत नाही, मग कर्ता कितीही लांबलचक असो. शंका आली की कर्ता छोटा करून बघा. 'द कॅन्डिडेट्स, कॉमा, आर रिक्वेस्टेड' असं कोणीच लिहिणार नाही. कर्ता लांबला म्हणून आपल्याला दम लागतो, एवढंच.

मात्र कॉमांची जोडी तिथे येऊ शकते, आणि ती आली की अर्थच पालटतो. 'द एम्प्लॉयीज हू पास्ड द टेस्ट विल गेट अ रेज.' कॉमा नाही. याचा अर्थ, जे कर्मचारी परीक्षा पास झाले त्यांनाच पगारवाढ. आता 'एम्प्लॉयीज'नंतर एक कॉमा द्या आणि 'टेस्ट'नंतर दुसरा. झाला अर्थ वेगळा: सगळ्याच कर्मचाऱ्यांना पगारवाढ, आणि ते सगळे पास झाले ही जाता जाता दिलेली माहिती. शब्द तेच, क्रम तोच. असं पत्र हातात पडलेला, परीक्षेत नापास झालेला माणूस पगारवाढ मागायला आला, तर त्याला दोष देता येणार नाही. अशा वेळी एक कॉमा देऊन दुसरा विसरू नका. कंस उघडला की मिटतो, तशीच ही जोडी मिटायला हवी.

दुसरी फार आढळणारी चूक म्हणजे दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडणं. 'द रिपोर्ट इज रेडी, कॉमा, वी विल सेंड इट टुमॉरो.' दोन्ही वाक्यं आपापल्या पायांवर उभी आहेत. त्यांना जोडायची ताकद कॉमात नाही. पूर्णविराम द्या, 'अँड' घाला, नाहीतर सेमीकोलन द्या. 'हाउएवर' आणि 'देअरफोर' हे शब्द इथे भल्याभल्यांना फसवतात. ते 'बट'सारखे भासतात, पण दोन वाक्यं जोडायचं काम करत नाहीत. त्यामुळे दोन वाक्यांच्या मध्ये ते आले, की आधी सेमीकोलन किंवा पूर्णविराम आणि नंतर कॉमा. सेमीकोलनला लोक उगीच घाबरतात, असं माझं मत आहे. 'ही दोन विधानं वेगळी आहेत, पण एकत्र वाचा' हे इतक्या थोडक्यात सांगणारं दुसरं चिन्ह नाही.

अपॉस्ट्रॉफीचं, म्हणजे अक्षरांच्या वरच्या अंगाला देतात त्या कॉमासारख्या चिन्हाचं, थोडक्यात सांगते. 'इट्स' हा शब्द दोन प्रकारे लिहितात आणि कानाला दोन्ही सारखेच लागतात. अपॉस्ट्रॉफी असेल तर तो 'इट इज' किंवा 'इट हॅज', नसेल तर 'त्याचा, त्याची'. औपचारिक लेखनात जोडरूपं शक्यतो टाळायचीच असतात. म्हणून 'इट इज' आणि 'इट हॅज' नेहमी सुटं लिहा; मग उरलेल्या एकाही 'इट्स'वर अपॉस्ट्रॉफी लागणार नाही. साध्या अनेकवचनालाही ती लागत नाही. आणि कार्यालयीन पत्रात उद्गारचिन्ह नकोच.

काही गोष्टी नियमाच्या नसून रिवाजाच्या आहेत. अवतरणचिन्ह मिटताना शेजारी पूर्णविराम किंवा कॉमा असेल, तर अमेरिकन पद्धतीत तो आत जातो. ब्रिटिश पद्धतीत तो अवतरणाचाच भाग असेल तरच आत. व्यावसायिक पत्रात 'डिअर सर'नंतर अमेरिकेत कोलन, म्हणजे एकाखाली एक दोन ठिपके, देतात, ब्रिटनमध्ये कॉमा. दोन्ही बरोबर. एका पत्रात मात्र एकच पद्धत ठेवा.

यादीतल्या शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'च्या आधी कॉमा द्यावा का, हाही असाच रिवाजाचा प्रश्न. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयात तो देत आले, म्हणून त्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. मी तो देते, आणि त्याचं कारण अमेरिकेतल्या मेन राज्यातला एक खटला आहे. तिथल्या कायद्यात ओव्हरटाइम न देण्याच्या कामांची यादी होती: कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग असं करत शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'शिपमेंट'नंतर कॉमा नव्हता. ओकहर्स्ट डेअरी या कंपनीचा माल पोचवणारे गाडीचालक म्हणाले, हे सगळं मिळून एकच काम आहे, पाठवण्यासाठी किंवा वितरणासाठी माल बांधणं. आम्ही माल बांधत नाही, पोचवतो, ओव्हरटाइम द्या. कंपनी म्हणाली, वितरण हे यादीतलं वेगळं काम आहे. चालकांच्या बाजूने आणखी एक बारकावा होता: यादीतली बाकीची कामं 'इंग'ने संपणारी, 'डिस्ट्रिब्यूशन' तेवढं निराळं. उलट, कॉमा नाही यावरून कंपनीला हरवणंही सोपं नव्हतं, कारण राज्याच्या कायदे लिहिण्याच्या नियमपुस्तिकेनुसार तो कॉमा द्यायचाच नव्हता. 2017 साली अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध ठरवलं आणि त्याचा फायदा चालकांना दिला. पुढच्या वर्षी 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

न्यायालयाच्या निकालानंतर मेनच्या विधिमंडळाने ते कलम नव्याने लिहिलं. आता प्रत्येक कामानंतर सेमीकोलन आहे, 'शिपमेंट'नंतरही, आणि 'डिस्ट्रिब्यूशन'च्या जागी 'डिस्ट्रिब्यूटिंग' आलं आहे.

नमस्कार.