दोरा ओवू नका, माउली

नमस्कार श्रोतेहो. माउलींची पालखी पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला येते, तो वारीतला सगळ्यात मोठा टप्पा. जवळपास 30 किलोमीटर. मी परिचारिका आहे, आणि गेली काही वर्षं त्या संध्याकाळी सासवडच्या एका उपचार तंबूत बसते. ताप-खोकल्याची माणसं थोडी, तळपाय पुढे करणारीच फार.

फोड येतो कसा? पाय घामानं नाहीतर पावसानं भिजतो, कातडी मऊ पडते आणि चप्पल पावलागणिक तीच जागा ओढत राहते. कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात, त्या पोकळीत पाणी भरतं. पण त्याआधी ती जागा चरचरते, गरम लागते. तिथेच थांबायचं, पाय कोरडा करायचा, चिकटपट्टी लावायची. पुन्हा सांगते, चरचरलं की थांबायचं. पुढच्या विसाव्यापर्यंत फोड थांबत नाही.

एका वर्षी रात्री आठाच्या सुमारास साठीचे एक विणेकरी लंगडत आले. वीणा गळ्यात. मी म्हटलं, "माउली, बसा." ते उभेच. वीणा खाली ठेवायची नाही आणि वीणा घेऊन बसायचं नाही, हा त्यांच्या दिंडीचा नेम. मग त्यांच्यातल्या एका पोराला बोलावलं. दोघं एकमेकांच्या पाया पडले, गळाभेट झाली, वीणा त्या पोराच्या गळ्यात गेली, तेव्हा कुठे हे खाटेवर टेकले.

पाय हातात घेतला. टाचेवर रुपयाएवढा फोड, आणि त्यातून आरपार ओवलेला काळा दोरा! दोन्ही टोकं बाहेर लोंबत होती, घाटातल्या चिखलानं माखलेली. "दोरा ठेवला की पाणी झिरपून जातं," ते म्हणाले. "आमच्या वडिलांपासून असंच करतो." पाणी झिरपतं हे खरं. पण त्याच दोऱ्याच्या वाटेनं चिखल आत जातो. फोडाभोवतीची कातडी लालबुंद झाली होती, हात लावला तर चटका बसावा इतकी गरम. दोरा काढला तसा पू आला. डॉक्टरांनी जखम धुतली, औषध सुरू केलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. एवढं होईपर्यंत त्यांनी हूं की चूं केलं नाही. नजर सारखी त्या पोराच्या गळ्यातल्या वीणेकडे. सासवडला मुक्काम दोन दिवसांचा, म्हणून पायाला उसंत मिळाली.

तेव्हा दोरा ओवू नका. लहान, न दुखणारा फोड फोडूच नका. पाऊल टेकवत नसेल इतका मोठा असेल, तर निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढा आणि वरची कातडी तशीच राहू द्या. कातडी सोलू नका, तिच्याखालीच नवी येते. मधुमेह असेल तर घरी सुई लावायचीच नाही, थेट डॉक्टर. लाली वर चढली, ताप आला, तरी डॉक्टर. मांड्या घासत असतील तर निघतानाच खोबरेल लावा.

आणि वारीच्या वाटेवर फुकट चपला शिवून देणारे चांभार बसतात ना, त्यांची सेवा मला आमच्या तंबूपेक्षा मोठी वाटते. अंगठा तुटलेली चप्पल वेळेवर शिवली गेली तर माणूस आमच्यापर्यंत येतच नाही. दानशूर मंडळींनी बिस्किटांचे पुडे वाटण्याऐवजी या कारागिरांना सुई-दोरा, चामडं पुरवावं, मोजे वाटावेत. केळी आणि बिस्किटं वारीत भरपूर असतात, कोरडा मोजा मिळत नाही.

पुढच्या वर्षी ते विणेकरी पुन्हा आले. लंगडत नव्हते. उभ्यानंच एक पाय उचलून टाच दाखवली, तिथे आधीच पट्टी लावलेली. दिंडीतल्या अकरा जणांना त्यांनी स्वतःच्या हातानं पट्ट्या लावल्या होत्या. मी विचारलं, "आणि दोऱ्याचं रीळ?"

"आहे की पिशवीत," ते म्हणाले. "वीणेला हार लागतो रोज."