खेळ रंगात आला की नियम बदलतो

मंडळी, सुरुवात लोकांना चिडवणाऱ्या एका व्हिडिओ गेमपासून करू. २००९ साली ‘ब्रूटल लेजंड’ आला. टिम शेफरची कल्पना, नायकाला नट जॅक ब्लॅकचा आवाज, आणि सगळं जग हेवी मेटलच्या अल्बमांच्या मुखपृष्ठांवरून उचलल्यासारखं. हातात कुऱ्हाड, सोबत गिटार, फिरायला गाडी. लोकांनी मारधाडीचा खेळ समजून तो घेतला. थोडं पुढे गेल्यावर मैदानात स्टेज उभं राहिलं. आता चाहते जमवायचे, त्यातून फौज उभारायची, तिला हुकूम सोडायचे. म्हणजे चक्क रणनीतीचा खेळ! डेमोत, म्हणजे आधी चाखायला दिलेल्या नमुन्यात, याचा मागमूसही नव्हता.

लढाया वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. राग वेगळ्या कारणाने आला. इतका वेळ कुऱ्हाड चालवून हाताला जे वळण लागलं होतं, ते एकट्याने आता पुरेना. नियम बदलला म्हणून कुणी रुसत नाही. १९८१चा ‘गॉर्फ’ घ्या. पाच मोहिमा, दर मोहिमेत शत्रूंची चाल निराळी, आणि तक्रार कुणाचीच नाही. कारण नेम धरून गोळी झाडायची हे पाचही ठिकाणी कायम.

विल राइटचा ‘स्पोर’ (२००८) याच कसोटीवर मला कच्चा वाटतो. पेशी, प्राणी, टोळी, संस्कृती, अंतराळ असे पाच टप्पे. प्राणी घडवताना खेळाडू तासन्‌तास रमतो: पाय किती, चोच कशी, शेपटीला काटे हवेत की नकोत. टोळीचा टप्पा आला की ते सगळं शरीर जवळजवळ शोभेचं होऊन बसतं. कीर्तनात पूर्वरंग संपून उत्तररंग लागतो, निरूपण जाऊन आख्यान येतं, पण आख्यान त्याच अभंगाचा दाखला असतो. ‘स्पोर’मध्ये दर टप्प्याला बुवा नवा अभंग घेतात आणि तोही अर्ध्यात सोडतात.

आता ‘ब्रदर्स’, २०१३चा, दिग्दर्शक जोसेफ फारेस. ज्यांना खेळायचा असेल त्यांनी घटकाभर कानात बोटं घालावीत, कारण शेवट सांगितल्याशिवाय मला यावर बोलताच येणार नाही. एकाच कंट्रोलरवर दोन भाऊ. डावी काडी (अंगठ्याने फिरवायची दांडी) आणि डावं बटण थोरल्याचं, उजवी काडी आणि उजवं बटण धाकट्याचं. आई पाण्यात बुडून गेलेली, म्हणून धाकट्याला पाण्याची भीती. नदी लागली की तो थोरल्याच्या पाठीवर बसून पलीकडे जातो. शेवटाकडे थोरला मरतो. डाव्या हाताला काही कामच उरत नाही, आणि ते रिकामपण तुम्हाला अक्षरशः बोटांत जाणवतं. परतीच्या वाटेवर पाणी आडवं येतं. धाकट्याचं बटण दाबून बघता, तो जागचा हलत नाही. मग कधीतरी तुम्ही थोरल्याचं बटण दाबता. धाकटा पाण्यात उतरतो आणि पोहायला लागतो.

आपल्याला कळेल असं एक वाक्यही नाही. नियम बदलला तो एका बटणापुरता, पण सगळा खेळ त्या बटणात येऊन बसला. एवढं मोठं काम इतक्या थोडक्यात करणारा दुसरा खेळ मी पाहिलेला नाही.

डॅनिएल मलिन्सचा ‘इन्स्क्रिप्शन’ (२०२१) मात्र वादाचा. अंधाऱ्या झोपडीत, मेजाच्या पलीकडे नुसते डोळे चमकणारा एक माणूस, आणि तुमच्या हातात पत्ते. लांडगा खेळायचा तर आधी खारींचा बळी द्या. हा भाग संपतो आणि खेळ अचानक जुन्या गेमसारख्या चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांचा होतो. मोकळं फिरायचं, पत्ते गोळा करायचे, पत्ता खेळायला मोजायची किंमत म्हणून बळी आणि हाडांच्या जोडीला वीज आणि रत्नं अशी नवी चलनं. पुष्कळांना पहिला भागच हवा होता. पुढे २०२२ साली ‘केसीज मॉड’ हा फुकट जोड आला, त्यात तोच भाग पुन्हापुन्हा खेळता येतो. मलाही मधला भाग फिका वाटतो. पत्त्यांच्या नियमांचा त्यात दोष नाही. मेजापलीकडचा माणूस नाहीसा झाला, हे त्याचं कारण. तिसऱ्या भागात समोर यंत्रमानव येऊन बसतो आणि धाक परत येतो.

मघाशी कुणीतरी विचारलं, नियम मध्येच बदलणार हे गिऱ्हाइकाला आधी सांगावं का? प्रश्न पैशाचाही आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे परत मागायचे तर साधारणपणे खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळून मागावे लागतात. नियम तिसऱ्या तासाला बदलला तर बोंब मारूनही फायदा नाही.

योको तारोच्या ‘निअर ऑटोमाटा’ने (२०१७) यावर नामी तोड काढली. पहिल्याच प्रसंगात तुम्ही विमानातून गोळ्या झाडताय, थोड्या वेळात जमिनीवर तलवार चालवताय, कॅमेरा कधी डोक्यावर तर कधी बाजूला. काहीही बदलू शकतं, हे अर्ध्या तासात न सांगता कळतं. त्यामुळे पुढे गोळीबाराचा वेगळाच खेळ मध्ये घुसला तरी कुणी दचकत नाही. एका शेवटात तर श्रेयनामावलीही सुखाने सरकत नाही. ज्यांनी खेळ बनवला त्यांची नावं तुमच्यावर गोळ्या सोडत येतात, आणि तुम्ही ती एकेक करून पाडायची.