सरसाचा जोड

नमस्कार मंडळी.

परवा जेवताना आमच्या धाकटीनं एक प्रश्न टाकला आणि माझं लिहून ठेवलेलं भाषण तिथंच बोंबललं. आजोबांचं व्हायोलिन दुरुस्तीला द्यायचं चाललं होतं. ती म्हणाली, "पण बाबा, घरात वाजवतं कोण?" बायको हसली. हसणारच. बेळगावच्या शहापुरात मी रियाजाला बसलो की समोरच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या, हे तिच्या माहेरीसुद्धा माहीत आहे.

झालंय असं, की इथल्या हिवाळ्यात हीटरनं हवा कोरडी पडली, लाकूड आकसलं आणि कडेचा जोड सुटला. मी घाबरून शहापुरातल्या दुरुस्तीवाल्या काकांना फोन लावला. ते खूश! "जोडच सुटला न्हवं? लाकूड फुटलं नाही? मग सरसानं आपलं काम केलं की!" वरची फळी स्प्रूस या हलक्या लाकडाची. तिला कातड्याचा सरस, म्हणजे कातडं उकळून केलेला गोंद, मुद्दाम पातळ लावतात. ताण आला तर आधी तो सुटावा, फळी तडकू नये. पाण्याचा हात आणि पातळ पातं, एवढ्यावर जोड उघडतो. पुढच्या कारागिराला वाद्य उघडता आलं पाहिजे, ही त्या धंद्याची रीत. आपण मात्र जरा काही कुरकुरलं की पक्का गोंद ओततो. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीबद्दल मी बोलत नाहीये.

काका सगळ्या तारा एकदम सोडू देत नसत. "काय करूलास? आतली काडी पडंल!" ही काडी करंगळीहून बारीक, तीही स्प्रूसचीच, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या बारीक तारेकडच्या पायामागे, वाद्याच्या आत नुसत्या दाबावर उभी. चिकटवलेली नसते. पडली तर वरच्या फळीत कोरलेल्या फटीतून वाकडी सळई घालून उभी करायची. केसभर सरकली तरी आवाज बदलतो, कधी उघडा, कधी बोदा. काका ती सरकवता सरकवता आमच्याशी मराठीत आणि काकूंशी कानडीत बोलत. सीमाप्रश्न तेवढा त्या खोलीत शिरत नसे.

आपण काय करतो? बेळगावहून आलेला कुंद्याच्या मिठाईचा डबा मिनिटात रिकामा. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, गायक कुमार गंधर्व सुळेभावीचे, म्हणजे दोघंही आपल्या बेळगावकडचे, हे दरवर्षी निवेदनात ठणकावून सांगतो आणि गणपतीत नाट्यगीतं मोबाईलच्या ट्रॅकवर म्हणतो. साथीला व्हायोलिन बसवायचं म्हटलं की बजेट आठवतं. धाकटीचा प्रश्न इथं मला परत टोचतो. वाजवणाराच नसेल, तर दुरुस्त करणाऱ्याकडे जाणार कोण?

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथं त्या कामाची अख्खी गल्ली आहे, पिढ्या आहेत. आमच्या काकांच्या मागे गल्ली नाही. मुलगा बेंगळुरूला संगणकात. मी फोनवर म्हटलं, "काका, कोणाला तरी शिकवा." ते म्हणाले, "शिकवतो की. माणूस धाड."

डिसेंबरात गावी जाणारे बरेच जण इथं बसलेत. कोणाच्या नात्यात हे काम शिकायला तयार असं पोरगं असेल तर जेवणाच्या रांगेत मला सांगा. माझ्याकडे अजून एकही नाव नाही.