पन्हळ का तुंबते? डांबर फासण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी. आज मी खानापूरकडे, जांबोटी रस्त्याला, आत्याच्या घराच्या छपरावर आहे. दोन्हीकडून मंगळुरी कौलांची छपरं उतरतात आणि मधे ही वीस फुटांची पत्र्याची पन्हळ. परवा वळीव पडला, त्यानंतर कडक ऊन, तरी हे बघा... कॅमेरा जरा खाली घे रे... अजून दोन बोटं पाणी साचलेलं आहे. खाली माजघराच्या भिंतीला ओल आलीय ती यामुळेच.

इतकी वर्षं उपाय एकच होता. मे महिना आला की डांबर फासायचं. काल मी ते खरवडलं तर थरावर थर निघाले. सांध्यावर तर बोटभर जाडीचा उंचवटा झाला होता. म्हणजे गळती बुजवायला लावलेल्या डांबराचाच बांध झाला आणि त्याच्या मागं पाणी तुंबायला लागलं! तुमच्याकडेही असंच असेल, तर आधी ते डांबर काढा.

आता उतार बघायचा. गवंडी वापरतात ती लेव्हलची, पाणी भरलेली नळी घ्या, दोन्ही टोकांना पाणी कुठं टेकतं त्यावर खूण करा. खुणेपासून पन्हळीच्या तळापर्यंत दोन्हीकडे मोजा, दोन मापांतला फरक म्हणजे उतार. ऐंशी फुटांना एक फूट उतार मी कमीत कमी धरतो, म्हणजे दहा फुटांना दीड इंच. इथं वीस फुटांना तीन इंच हवा होता, मिळाला अर्धा इंच. शिवाय मधे पोट सुटलेलं. ते का, हे पत्रा उचलल्यावर कळलं. खालच्या फळीत पेचकस टोचला तर चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा आत गेला. फळी कुजलेली असताना वरून नवा पत्रा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. फळी बदलली, उताराच्या मापानं खाली लाकडी पट्ट्या दिल्या.

सांध्याचं मात्र नीट समजून घ्या, कारण खरी मेख इथंच आहे. इंग्लंडात जुन्या चर्चच्या छपरांवर शिशाच्या पन्हळी असतात. शिसं उन्हानं भरपूर वाढतं, गारव्यात आक्रसतं. लांब तुकडा घट्ट जखडला तर वर्षानुवर्षं हीच ओढाताण होऊन तो चिरतो. म्हणून तिथले कारागीर साधारण दीड मीटरचेच तुकडे घेतात आणि दोन तुकड्यांमधे दोन-अडीच इंचांची पायरी ठेवतात. वरचा पत्रा पायरीवरून खालच्यावर उतरतो, त्याला हलायला मोकळीक राहते. मला ही रीत फार आवडते. आपला लोखंडी पत्रा शिशापेक्षा कमी वाढतो, पण वीस फुटांचा पत्रा चाळीस अंशांच्या फरकानं जवळजवळ तीन मिलिमीटर सरकतोच. सांध्याचा डाख, म्हणजे धातू वितळवून केलेला जोड, सुटतो तो याच्यानं. म्हणून मी इथं दहा-दहा फुटांचे दोन तुकडे केले आणि मधे पायरी घेतली. पायरीमुळं वरचा तुकडा तेवढा उचलावा लागतो, वरच्या टोकाला जागा होती म्हणून जमलं. जागा नसेल तर पाणी उतरतं ते टोक खाली घ्यावं लागतं.

आता पाणी खाली नेणारा पाइप. दोन इंची होता आणि त्याचा काठ पन्हळीच्या तळापेक्षा वर आलेला. म्हणजे कितीही उतार द्या, काठाइतकं पाणी राहणारच. जरा हिशोब करा. पन्हळीत उतरणारं छप्पर, वरून मोजलं तर, पाचशे चौरस फुटांचं आणि तासाला 50 मिलिमीटर पाऊस, तर तासाला सव्वादोन हजार लिटरच्या वर पाणी या एका भोकातून जायचं. त्यात फणसाचं एक पान आडवं आलं की संपलं. मी टोकाला पन्हळीपेक्षा खोल कुंडी केली, चार इंची पाइप जोडला, वर जाळीची टोपी. आणि कुंडीच्या बाहेरच्या बाजूला एक खाच ठेवलीय. पाइप तुंबला तर पाणी घरात न येता अंगणात पडेल. अंगणात धार दिसली की समजायचं, जाळी साफ करायची वेळ झाली.

कौलांवर थेट पाय देऊ नका, आडवी फळी टाका. हातमोजे घाला, पत्र्याची कड सुरीसारखी असते. आणि पावसात वर चढू नका.

चला, बादली ओततो. वरच्या टोकाला... हं, गेलं... पायरी उतरलं... कुंडीत. आत्या, पाणी आलं का खाली?

आलं म्हणते! आता तळ बघा, हात फिरवतो. नुसता ओलावा आहे, थेंबभर पाणी साचलेलं नाही. खानापूरकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. मृग लागल्यावर पहिल्या मोठ्या पावसात मी परत इथं येणार आहे आणि माजघराची ती भिंत तुम्हाला दाखवणार आहे.